ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

ब्रेकमास्तर गाडीखाली फारसे जात नसत. बाकीचे मेकॅनिक पाठीवर झोपून, तोंडावर तेल गळू देत जे शोधायचे, ते मास्तर ड्रायव्हरच्या सीटवर बसून शोधायचे. पद्धत ठरलेली. उजव्या पायातली चप्पल काढायची, तळवा डाव्या पोटरीवर पुसायचा, डोळे मिटायचे आणि अनवाणी पाय ब्रेकच्या पेडलवर ठेवायचा. एकदा हळू, एकदा जोरात, एकदा दाबून धरून. मग ते सांगायचे की मागच्या चाकाचा सिलिंडर पाझरतोय, किंवा तेलात हवा शिरली आहे, किंवा पुढचं पॅड एकाच बाजूने झिजलं आहे. चाक खोलून बघावं तर नेमकं तेच निघायचं. काम झालं की पुन्हा तोच पाय, तेच मिटलेले डोळे, आणि शेवटी मास्तर म्हणायचे, "हं."

त्या "हं"शिवाय त्यांच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडत नसे. गिऱ्हाईक किल्ली विसरेल, चष्मा विसरेल, पण "हं" ऐकल्याशिवाय हलणार नाही. एक दातांचे डॉक्टर तर शोरूममधून नवी कोरी गाडी घेऊन थेट मास्तरांच्या दारात आले होते, नुसतं "हं" म्हणवून घ्यायला. मास्तरांनी म्हटलं आणि वर सुनावलं, "उद्या मी तुमच्यासमोर तोंड उघडून बसलो, तर तुम्हीही नुसतं हंच म्हणा." डॉक्टर हसत हसत गेले आणि पुढच्या महिन्यात भावाची गाडी घेऊन आले.

माणसाला एखाद्या गोष्टीचा गर्व असावा आणि तो खराही असावा, यात वाईट काही नाही. मास्तरांचा गर्व चाळीस वर्षं खरा होता.

त्यांना एकच लेक. ती नर्स होती, पण दवाखान्यात बसणारी नव्हे. ज्यांना जिना उतरवत नाही अशा म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन इंजेक्शन द्यायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, असं तिचं काम. दिवसाला आठ-दहा घरं व्हायची. त्यासाठी तिने एक जुनी राखाडी गाडी घेतली, आणि तीही बापाला न विचारता. मास्तरांनी बॉनेट उघडून आत डोकावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. ब्रेकला जोर देणारा जो बूस्टर असतो, तो त्या काळच्या बहुतेक गाड्यांत इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर चालायचा. या गाडीत तो विजेवर होता. एक छोटा पंप घरघर करत तेल दाबून साठवून ठेवायचा, आणि ड्रायव्हरने पेडल दाबलं की तो साठा पायाच्या मदतीला यायचा. पंप थांबला की साठा दोन-तीन दाबांत संपणार. मग पेडल दगड होतं. त्यावर दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी तिच्या सवडीने थांबते.

"विजेच्या भरवशावर ब्रेक," मास्तर म्हणाले, "म्हणजे सासूच्या भरवशावर संसार."

त्यांच्या आईच्या हाताखाली वीस वर्षं काढलेली त्यांची बायको आतून म्हणाली, "ते मला विचारा."

पंपाची खबर द्यायला गाडीत एक लाल दिवा होता. साठा कमी झाला की तो पेटायचा. पण गाडी जुनी, तिच्यातलं सगळंच कुरकुरणारं. साठा भरलेला असतानाही दिवा उगाच लुकलुकायचा. लेक त्या दिव्याला वैतागली. मग एका दुपारी मास्तरांनी डॅशबोर्ड सोडवला, दिव्याचा बल्ब काढला आणि स्क्रूच्या डब्यात टाकून दिला.

"दिव्याचं ऐकू नकोस," ते म्हणाले. "काही वाटलं तर माझ्याकडे ये. माझा पाय आहे ना."

आता त्या पायाचं सांगायला हवं. मास्तरांना मधुमेह होता. बरीच वर्षं होता, आणि ते त्याच्याशी पाहुण्यासारखे वागायचे, म्हणजे समोर आला की हसायचं आणि गेला की विसरायचं. एका संध्याकाळी ते घरी आले तर उजव्या पायात चप्पल नव्हती. बायकोने विचारलं, "अहो, एका पायावर कुठून आलात?" मास्तरांनी खाली बघितलं तेव्हा त्यांना कळलं. चप्पल दोन गल्ल्या मागे, किराणा दुकानासमोर सापडली. बायकोने ही गोष्ट आठवडाभर ज्याला त्याला मीठमसाला लावून सांगितली. सगळे हसले, लेक हसली, मास्तरही हसले.

मग हिवाळ्यात ते एकदा पाय शेकायला गरम पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय घालून बसले. पाणी फार कढत होतं. डावा पाय चटकन बाहेर आला. उजवा आतच राहिला. मास्तर त्या पायाकडे बराच वेळ बघत बसले, मग त्यांनी तो हाताने उचलून बाहेर काढला आणि पुसला. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे गॅरेजात गेले. चप्पल काढली, तळवा पुसला, डोळे मिटले. पायाला कळत नव्हतं तिथे त्यांनी अंदाज बांधला. इंजिनाचा आवाज, गाडीचं वय, तिचा मालक कसा चालवतो, एवढ्यावरून अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा, आणि अंदाज कुठला आणि खात्री कुठली हे गिऱ्हाइकाला कळत नाही. मास्तरांना मात्र कळत होतं. त्यांचं इथे चुकलं, आणि त्याचं खापर वयावर किंवा आजारावर फोडता येणार नाही.

वसंतात लेक गॅरेजात आली आणि म्हणाली, "बाबा, पेडल मधेच दगड होतं."

"कधी?"

"बराच वेळ चालवली की. शेवटच्या दोन-तीन घरांना जाताना."

मास्तरांनी कसूर केली असं म्हणता येणार नाही. बॅटरी तपासली. फ्यूज काढून उजेडात धरून बघितले. पंपाला वीज देणारा रिले बदलून पाहिला. पंपाचा प्लग ओढून त्यात मीटर लावला, काटा ठणठणीत बारा व्होल्टवर. प्लग परत बसवला, पंप घरघरला. मग सीटवर बसून त्यांनी पाय ठेवला आणि "हं" म्हटलं.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पुन्हा बॅटरी, पुन्हा फ्यूज, पुन्हा काटा बारावर, पुन्हा "हं."

"पण बाबा, होतं हो तसं."

"तू दमतेस," मास्तर म्हणाले. "दिवसभर चालवून पाय अवघडतो. गाडीला काही झालेलं नाही."

तिने किल्ली उचलली. चाळीस वर्षांच्या पायापुढे ती काय बोलणार?

त्यानंतर नऊ दिवसांनी, दुपारी, शेवटच्या घराकडे जाताना एका उताराच्या गल्लीत तिने रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला बघितलं. बऱ्याच लांबून बघितलं. ते निवृत्त पोस्टमन होते. निम्म्या गल्लीची पत्रं त्यांच्या हातून गेलेली. तिने ब्रेक दाबला. गाडीचा वेग माणूस धावेल एवढाच होता, पण ती थांबली नाही, आणि पोस्टमन काही धावू शकत नव्हते. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

गाडी ओढून मास्तरांच्याच गॅरेजात आणली. चौकीतले हवालदार हातात कागद घेऊन आले. तपासणीसाठी दुसऱ्या कोणाला बोलवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या मोटारीचा ब्रेकही मास्तरांनीच पास केलेला. लेक दारापाशी उभी होती. तोपर्यंत ती प्रत्येकाला एकच सांगत होती, मी दाबला होता, दोन्ही पायांनी दाबला होता.

मास्तरांनी चप्पल काढली. त्यांनी डोळे मिटले आणि पाय ठेवला. गाडी तीन तास उभी राहून थंड झालेली. पंप घरघरत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दाबून धरून. खोटं बोलून लेकीला वाचवता आलं असतं, आणि ते त्यांच्या मनात आलंही. पण पेशाशी बेइमानी करायची नाही असं त्यांनी ठरवलं आणि ते म्हणाले, "हं."

हवालदारांनी लिहिलं, ब्रेक निर्दोष. सख्ख्या बापानेच तसं सांगितल्यावर संशयाला जागा कुठे उरली? लेक म्हणाली, "मग मीच उशिरा दाबला असेल." कागद पुढे आला आणि तिने सही केली.

तिचा परवाना गेला, काम गेलं. पोस्टमन अंथरुणाला खिळले ते खिळलेच. ती रोज पायी त्यांच्याकडे जायची, त्यांना कुशीवर वळवायची, पाठीच्या जखमा धुवायची. त्यांच्या घरचे तिला अडवत नसत आणि तिच्याशी बोलतही नसत. घरी आली की ती गॅसचं बटण बंद आहे का ते तीनदा बघायची, दाराची कडी तीनदा ओढून बघायची. दूध उतू गेलं, पत्र टाकायचं राहिलं, पावसात कपडे भिजले, काहीही झालं की तिचं एकच वाक्य ठरलेलं, "माझं लक्षच नसतं." जावई स्वभावाने वाईट नव्हता. तो सुरुवातीला म्हणायचा, असं नको म्हणूस. मग त्यानेही म्हणणं सोडलं.

चार महिने गाडी गॅरेजाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून होती. शेवटी जावयाने ती विकायला काढली. चौकातल्या शिंप्याला ती पसंत पडली. तो एका सकाळी चालवून बघायला घेऊन गेला आणि तासाभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "याचं पेडल मधेच दगड होतं की हो."

लेकीने काय म्हटलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. तरीही शब्द तोच. त्यांनी चप्पल काढून पाय ठेवला, पण या वेळी त्यांच्या तोंडून "हं" निघालं नाही. त्यांनी शेजारच्या दुकानातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला हाक मारली. तो लवकर भडकायचा म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणायचे, आणि तो त्या नावावरही भडकायचा.

फ्यूजने सगळं ऐकून घेतलं. "मीटर कसा लावला होतात?"

"प्लग काढून. बारा दाखवत होता."

"प्लग काढून बाराच दाखवणार. पंप ओझं ओढत नसेल तर बिचारी वायर कशाला कुरकुरेल? मुकादम समोर नसताना हमाल किती दमतो?" तो बॉनेटमध्ये वाकला. "प्लग जागेवर असू दे. मी पंपाच्या दोन टोकांना टेस्ट लॅम्पचा दिवा बांधतो, वीज तुटली की तो विझेल. तुम्ही गाडी चालू ठेवा आणि दाबत राहा. तापू दे चांगली."

अर्धा तास गाडी एका जागी गुरगुरत राहिली. बॉनेट उघडं असल्याने मास्तरांना फ्यूज दिसत नव्हता, नुसता त्याचा आवाज यायचा. मास्तर डोळे मिटून दाबत होते.

"कसं आहे?" फ्यूजने विचारलं.

"मऊ. छान."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"तसंच."

"दाबा. दाबत राहा." मग बराच वेळ नुसती इंजिनाची गुरगुर. "आता कसं आहे मास्तर?"

"म्हटलं ना, तसंच. मऊ आहे."

फ्यूज बॉनेटमागून बाहेर आला. तो सावकाश चालत गाडीच्या दारापाशी आला आणि उकिडवा बसला. त्याने मास्तरांच्या पायाकडे बघितलं. पायाच्या शिरा ताणलेल्या, बोटं पांढरी पडलेली, आणि पेडल जागचं बोटभरही हलत नव्हतं.

"पाय काढा," तो हळू म्हणाला. मास्तरांनी पाय काढला. फ्यूजने तळहाताने पेडल दाबलं, मग सगळं वजन टाकून दाबलं. ते हललं नाही.

"पंप बंद पडून पाच मिनिटं झाली," फ्यूज म्हणाला. "दिवा विझला, मी बघत होतो. दगड झालंय हे."

मास्तरांनी खाली वाकून स्वतःच्या हाताने पेडल दाबलं. त्यांच्या हाताला लगेच कळलं.

"पाय कधीपासून असा आहे?" फ्यूजने विचारलं.

मास्तर हाताने पेडल पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

दोष सापडायला मग दहा मिनिटंही लागली नाहीत. फ्यूजने बॅटरी उचलली, तिच्याखालचा पत्रा स्क्रू सोडवून बाजूला केला. तिथे पंपाची अर्थिंगची वायर गाडीच्या अंगाला जोडलेली होती. बॅटरीचं पाणी झिरपून झिरपून ती हिरवी पडली होती. सोळा तारांपैकी तीन शिल्लक. गाडी थंड असताना तेवढ्या तीन तारा काम भागवायच्या, तापली की सोडून द्यायच्या. फ्यूजने वायर कापली, नवी बसवली, पंप घरघरला. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. एवढ्या कामासाठी एक माणूस अंथरुणात होता आणि दुसरं माणूस रोज तीनदा कडी ओढून बघत होतं.

फ्यूज हात पुसत उभा राहिला. तो मास्तरांकडे न बघता बोलला. "झालं. गाडी आता ठीक आहे. द्या शिंप्याला. आणि कोणाला काही सांगत बसू नका."

"आणि पोरीचं?"

"तिने सही केली, चार महिने झाले. आता तुम्ही तोंड उघडलंत तर गेल्या वर्षभरात ज्याला ज्याला हं म्हणालात तो प्रत्येक माणूस दारात येऊन उभा राहील. राहील की नाही?"

फ्यूज गेल्यावर मास्तर सीटवर बसून राहिले. गेल्या हिवाळ्यापासूनच्या गाड्या ते आठवत होते. डॉक्टरांची, डॉक्टरांच्या भावाची, हवालदारांची, शाळेची पिवळी व्हॅन. व्हॅनपाशी आल्यावर त्यांना पुढचं आठवेना. त्यांनी तसंच अनवाणी उठून स्क्रूचा डबा उपडा केला, त्यातून तो जुना बल्ब शोधून काढला, वायरचा हिरवा तुकडा रुमालात बांधला आणि चप्पल घालायला दारापर्यंत गेले. जमिनीवर पत्र्याचे सोडवलेले स्क्रू पडलेले होते.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार उघडून ती आत गेली, गॅसचं बटण बघून परत आली. "चहा ठेवू का बाबा?"

"नको. बस." त्यांनी चप्पल दाराशी काढली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत चालत गेले. रुमाल सोडून त्यांनी वायर तिच्यापुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं. पंप बंद पडत होता. तू म्हणत होतीस ते खरं होतं. तू ब्रेक दाबला होतास. ब्रेकच लागला नाही.

तिने वायरला हात लावला नाही. "बाबा, माझ्यासाठी खोटं बोलू नका."

"खोटं नाही गं. फ्यूजला विचार."

"फ्यूजकाका तुमचंच ऐकणार. जुनी गाडी आहे, अशा कुजलेल्या वायरी निघणारच. त्या दिवशी तीच सुटली होती कशावरून? तुम्ही स्वतः बघितलंत ना? हं म्हणालात ना?"

"मी उद्या चौकीत जाऊन लिहून देतो."

"काय लिहून देणार? वायर तर बदलली तुम्ही."

मास्तरांनी खिशातून बल्ब काढला. "आणि हा? हा जागेवर असता तर तुला आधीच कळलं असतं. हा मी काढला."

तिने बल्बकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं झालं. "सारखा लुकलुकतो म्हणून मीच तुमच्यामागे लागले होते," ती म्हणाली. "मीच काढायला लावला."

चाळीस वर्षं मास्तर नुसतं "हं" म्हणाले आणि जगाने मान डोलावली. आज ते घसा फोडून खरं सांगत होते आणि पोटची पोर ऐकत नव्हती.

"माझा पाय मेलाय," ते म्हणाले. "उजवा. मला काही कळत नाही त्या पायाने. तेव्हाही कळत नव्हतं."

ती खाली बघायला लागली. पायाकडे नाही, फरशीकडे. दारापासून टेबलापर्यंत एका पायाचे लाल ठसे उमटलेले होते.

मग ती नर्स झाली. तिने त्यांना खुर्ची वळवून बसवलं, पाय स्टुलावर घेतला, दिवा ओढून जवळ आणला. तळव्यात टाचेच्या जरा पुढे एक स्क्रू डोक्यापर्यंत रुतला होता. तिने तो चिमट्याने काढून बशीत ठेवला. मास्तरांना बशीचा आवाज आला तेव्हा कळलं. "वर बघा," ती म्हणाली. "टोचलं की सांगा." मास्तर छताकडे बघत राहिले. पंख्याच्या पात्यावर धूळ होती. ते वाट बघत राहिले, आणि तिने टाचणी खाली ठेवल्याचं त्यांना पुन्हा आवाजावरूनच कळलं.

"किती ठिकाणी टोचलीस?"

"दहा." तिने तळव्यावरचं रक्त पुसलं. "कधीपासून आहे हे?"

"वर्ष झालं. जास्तच. चप्पल हरवली होती, त्याच्याही आधीपासून."

आता तिला पटलं होतं, हे त्यांना दिसलं. एवढ्यासाठीच तर ते आले होते. ती रडेल, ओरडेल, त्यांना घरातून जा म्हणेल, हे सगळं ऐकायची त्यांची तयारी होती. "रागाव माझ्यावर," ते म्हणाले. "तू बरोबर होतीस. माझ्यामुळे झालं सगळं."

तिने जखम धुतली. औषध लावलं. पट्टीची गुंडाळी हातात घेतली आणि तशीच धरून बसली.

"चप्पल हरवल्याची गोष्ट आईने मला तीनदा सांगितली," ती म्हणाली. "मधुमेहाचा माणूस, आणि पायातली चप्पल सुटलेली कळत नाही. मी दिवसभर लोकांचे हेच पाय बघत फिरायचे, बाबा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी टाचणी घेऊन बसले असते. आणि तुमचं ऐकून मी हसले."

"अगं, त्याचा इथे काय संबंध?"

"तेव्हाच बघितला असता तुमचा पाय, तर तुम्ही हं म्हणाला नसतात. पोस्टमनकाका आज चालत असते." ती पट्टी गुंडाळायला लागली. तिचे हात सराईत होते, आवाजही अगदी साधा होता. "माझं लक्षच नसतं."

मास्तरांचं सांगण्यासारखं जे होतं ते सगळं सांगून झालं होतं. वायर टेबलावर होती, बल्ब टेबलावर होता, स्क्रू बशीत होता, आणि प्रत्येक गोष्ट तिने आपल्या नावावर करून घेतली होती.

तिने पट्टीचं टोक खोचलं. "घट्ट झाली का?"

मास्तरांनी पट्टीकडे बघितलं. एवढ्या वर्षांत पायाबद्दल कोणी विचारलं आणि त्यांना उत्तर आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

"मला कळत नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. पट्टी सोडली, पुन्हा बांधली, बोट घालून बघितलं. तिचं समाधान झालं नाही. मग तिने ती परत सोडली आणि पहिल्या वेढ्यापासून तिसऱ्यांदा बांधायला घेतली.